लूमवर विणताना लोकरीचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी दर शनिवारी दुपारी सात-आठ जणी लूम घेऊन जमतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही येतात. आमच्यात सगळ्यात नेटकी वीण त्यांचीच असते, हे आम्ही त्यांना मुद्दाम सांगत नाही. नवीन आलेलं माणूस पहिल्या तासात काय विचारणार, हे आता मला पाठ झालं आहे. "काकू, माझंच एवढं घट्ट का होतंय?" तेच ते सांगून घसा बसला, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

इथे लूम म्हणजे प्लास्टिकची गोल किंवा लांबट चौकट. तिच्यावर खुंट्या उभ्या असतात आणि त्यांच्यावरचे फास हुकाने उचलून विणायचं असतं. बाजारात साधारण २४, ३१, ३६ आणि ४१ खुंट्यांच्या चार गोल चौकटींचा संच मिळतो. खालची उत्तरं तो संच समोर ठेवून लिहिली आहेत.

मागावर धागा ताणून बसवतात. मग लूमवर सैल का सोडायचा?

हा घोळ आपल्या भाषेने घातला आहे. आपण पैठणीही विणतो आणि कानटोपीही विणतोच. येवल्याच्या हातमागावर किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. तिथे ताणा सैल पडला की कापड बिघडलं. नावातच ताण आहे.

आपल्या लूमवर ताणाही नाही आणि बाणाही नाही. एकच धागा असतो, तो फासातून फास काढत पुढे जातो. फास केवढा व्हायचा हे दोन गोष्टी ठरवतात: खुंटीची जाडी आणि शेजारच्या खुंटीपर्यंतचं अंतर. माप खुंटी देते, हाताने फक्त धागा पुरवायचा. वाढपी जसा पानात वाढत पुढे सरकतो, तसं. ताट ओढायला गेलात की सांडलंच.

मी तीस वर्षं सुयांवर विणते आहे. लूमवर हात का बसत नाही?

हात बसलेला आहे म्हणूनच. सुईवर प्रत्येक टाक्यानंतर धाग्याला बारीक हिसका द्यायची सवय असते, आणि तिथे ती चालून जाते, कारण फास सुईच्या गोलाईवर सरकतो आणि सुई टोकाकडे निमुळती असते. लूमची खुंटी निमुळती तर नसतेच, वर तिच्या टोकाला बोंड असतं. फास आवळला की तो त्या बोंडावरून निघता निघत नाही. मग हुकाने जोर लावायचा, धाग्याचे पदर फाटायचे आणि शेवटी "हे लूम भंगार आहे" म्हणायचं. सुयांवाल्या मैत्रिणींना माझं एकच सांगणं असतं: पहिले चार दिवस करंगळी मोकळी ठेवा. हिसका तिथूनच येतो.

ताण बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

वेढा घातल्यावर फासाला बोट लावून तो खुंटीवर वर-खाली सरकवून पाहा. सहज सरकायला हवा, पण बोट काढल्यावर आपणहून उडी मारून सुटायला नको. हुकाचं टोक फासाखाली न खुपसता गेलं पाहिजे. खुंट्या आतल्या बाजूला कललेल्या दिसल्या तर धागा नक्की आवळला गेलाय. लांबट लूमवर हे मधल्या भागात आधी दिसतं. फास उचलताना प्लास्टिकचा 'कट्' आवाज आला तर तिथेच थांबा. पुढची पायरी खुंटी मोडण्याची आहे.

सैल झाल्याची खूण उलटी असते. वेढे आपोआप वर चढतात, आणि तुम्ही पाचव्या खुंटीवर असताना दुसरीवरचा वेढा निसटून गेलेला असतो.

धागा हातात धरायचा कसा?

ज्या हाताने वेढे घालता त्या हाताच्या करंगळीला धाग्याचा एक सैल वळसा द्या. मधल्या दोन बोटांखालून तो तर्जनीवर आणा आणि अंगठ्याने हलका टेकवा. वळसा एकच हवा. दोन दिलेत की धागा अडतो.

हे जमत नसेल तर बॉलपेनची रिकामी नळी घ्या. रिफिल काढून टाका, दोन्ही तोंडं मोकळी करा आणि धागा नळीतून ओवा. पेनाने लिहावं तशी नळी हातात धरून खुंट्यांभोवती फिरवा. नळीतून धागा एकसारखा सुटत राहतो आणि बोटांना आवळायला संधीच मिळत नाही. आमच्या काकांच्या नेटक्या विणीचं गुपित ते हेच. बँकेत जमलेली रिकामी पेनं अजून पुरताहेत.

वेढा घालायच्या पद्धतीने ताण बदलतो का?

खूप बदलतो. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात सैल प्रकार म्हणजे पूर्ण वेढा. व्हिडिओंमध्ये त्याला ई-रॅप म्हणतात. धागा खुंटीला पूर्ण फेरी मारून पुढे जातो, फासाच्या तळाशी पीळ पडतो. वीण उंच, जाडसर आणि लवचीक होते. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरा अर्धा वेढा, म्हणजे यू-रॅप. धागा खुंटीच्या पुढून मागे वळतो, पण फेरी पूर्ण करत नाही. फास मध्यम होतो आणि पीळ पडत नाही.

तिसरा सपाट टाका. धागा खुंटीच्या समोरून नुसता आडवा धरायचा आणि खालचा फास त्याच्यावरून उचलायचा. दिसायला सगळ्यात सोपा, पण छळतो हाच. इथे नव्या फासाला खुंटीभोवतीचा धागाच मिळत नाही, समोर आडवा पडलेला तेवढाच मिळतो. तो जरा जरी ओढलेला असेल तर पुढच्या फेऱ्यात हूक आत शिरत नाही. उपाय: धागा आडवा धरताना खुंटीच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढी ढील ठेवा, मगच फास उचला.

चौथा खरा सुलट टाका. धागा फासाच्या वर आडवा धरायचा, हूक जुन्या फासातून खालून वर घालून नवा फास काढायचा, जुना खुंटीवरून सोडायचा आणि नवा चढवायचा. वेळ लागतो, पण वीण सुयांवरच्या सुलट टाक्यासारखी येते. नवा फास केवढा काढायचा हे तुमच्या हातात असतं, म्हणून ताण राखायला मला हाच आवडतो.

एका वस्तूत मध्येच प्रकार बदलू नका. पूर्ण वेढ्याने निम्मा मफलर विणला आणि कंटाळून सपाट टाक्यावर गेलात, तर मफलरला कंबर येते. आमच्याकडे असा एक मफलर आहे. तो नवीन लोकांना दाखवायला ठेवला आहे.

गोल विणताना एका जागी उभी शिडी दिसते. का?

शेवटची आणि पहिली खुंटी जिथे भेटतात तिथे ती पडते. फेरा संपला की आपण थांबतो, चहा घेतो, खुंट्या मोजतो. तेवढ्या वेळात शेवटच्या फासातला धागा थोडा सुटतो. दर फेऱ्याला त्याच जागी तेवढाच सुटला की एकावर एक पायऱ्या चढून शिडी तयार.

दुसरं कारण असं: पूर्ण वेढ्यात बरेच जण आधी सगळ्या खुंट्यांवर वेढे घालून घेतात आणि मग पहिल्या खुंटीपासून फास उचलू लागतात. तोवर शेवटचा वेढा मोकळाच असतो आणि हळूहळू सैल होत जातो. म्हणून वेढे घालून झाल्यावर आधी शेवटच्या खुंटीचा फास उचला. धाग्याला तिथे कुलूप लागतं. मग पहिलीपासून निवांत या. त्याहून सोपं म्हणजे एका खुंटीवर वेढा, लगेच फास, मग पुढची खुंटी.

नव्या फेऱ्याच्या पहिल्या दोन खुंट्या झाल्या की धागा हलकेच मागे घ्या. हलकेच. जोरात ओढलात तर शिडी जाते आणि तिथे घट्ट दोरी दिसते, जी शिडीहून वाईट.

पडलेली शिडी थोडीफार सावरता येते. वस्तू उतरवल्यावर हुकाच्या टोकाने सैल फासातला जास्तीचा धागा शेजारच्या टाक्यांत वाटत न्या. एक-एक टाका करत दोन्ही बाजूंना चार-पाच टाके पुरे.

वीण जाळीदार दिसते, म्हणून मी धागा आणखी ओढते. तरी जाळी तशीच!

ओढून जाळी जाणार नाही. दोन खुंट्यांमधलं अंतर तुम्ही ओढलंत म्हणून कमी होत नाही. या मोठ्या चौकटींवर ते दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि आपल्याकडे सर्रास मिळणारी चार पदरी लोकर त्याला बारीक पडते. उपाय धाग्याच्या जाडीत आहे. दोन धागे एकत्र घ्या किंवा जाड लोकर आणा. बारीकच लोकर वापरायची असेल तर जवळजवळ खुंट्यांचं लूम शोधा.

दोन धागे घेताना दोन वेगळे गुंडे दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. एकाच गुंड्याची आतली आणि बाहेरची टोकं घेतलीत तर एक धागा सहज येतो, दुसरा अडतो आणि विणीत एक पदर पुढे लोंबतो. फास उचलताना हुकात दोन्ही धागे आले का, तेही बघायचं. एक सुटला तर लगेच कळत नाही, दहा फेऱ्यांनी कळतं.

टोपी डोक्यात जात नाही. खुंट्या तर सांगितल्या तेवढ्याच होत्या.

खुंट्या तेवढ्याच, पण ताण वेगळा. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं म्हणून ह्यांच्यासाठी कानटोपी विणली होती, ३६ खुंट्यांवर. डिसेंबरातला पुण्याचा गारठा, पारा दहा अंशांच्या आसपास, आणि टोपी कानाच्या वरच अडकून बसली. शेवटी ती भाच्याच्या मुलाला गेली आणि ह्यांनी शाल गुंडाळली.

हिशेब असा आहे. हात मोकळा असेल तर या चौकटीवर दुहेरी लोकरीचे १० सेंटिमीटरला साधारण ८ टाके बसतात. म्हणजे ३६ टाक्यांचा घेर ४५ सेंटिमीटर. हात आवळला आणि ८ ऐवजी ९ टाके बसले, तर तोच घेर ४० सेंटिमीटर. एका टाक्याच्या फरकाने पाच सेंटिमीटर गेले. मोठ्या माणसाचं डोकं ५४ ते ५८ सेंटिमीटर असतं आणि टोपी त्याहून पाचेक सेंटिमीटर कमी ठेवतात, म्हणजे ती ताणून नीट बसते. ४५ ची टोपी ओढूनताणून तरी जाते, ४० ची जात नाही.

म्हणून नमुना विणा. २० खुंट्या, २० ओळी. लूमवर असताना मोजू नका, तिथे वीण ताणलेली असते आणि माप खोटं येतं. उतरवा, धुवा, वाळवा, रात्रभर तशीच पडू द्या आणि मग मधले १० सेंटिमीटर मोजा. नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. मलाही यायचा, त्या डिसेंबरपर्यंत.

सुरुवातीची कड आवळते. शेवटही गोळा होतो. काय करू?

सुरुवातीचे वेढे बाकीच्या विणीपेक्षा मुद्दाम सैल घाला. टोपीची कड दुमडायची असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण वीसेक ओळींनंतर तेच पहिले फास पुन्हा खुंट्यांवर चढवायचे असतात. आवळलेले असतील तर चढत नाहीत आणि तुम्ही मला फोन करता.

मफलर बंद करताना प्रत्येक टाक्यानंतर हुकाने एक जादा साखळी घाला. कड पसरट राहते. टोपीचं टोक बंद करताना धागा सुईने सगळ्या फासांतून दोनदा ओवून घ्या आणि थोडा थोडा करत गोळा करा. एका दमात खेचलंत तर धागा तुटतो, आणि तो नेमका मधोमध तुटतो.

लोकरीच्या गुंड्याचा ताणाशी काय संबंध?

बराच आहे. गुंडा सोफ्याखाली गेला की धागा अडतो, आपण हिसडतो आणि तेवढे तीन टाके आवळले जातात. गुंडा उभ्या स्टीलच्या डब्यात किंवा खोल पातेल्यात ठेवा. मांडीपेक्षा खाली, पायाशी ठेवलेला बरा.

लडी आणली असेल तर आधी गुंडाळून घ्या. गुंडाळताना डाव्या हाताची दोन बोटं गुंड्यावर ठेवून त्यांच्यावरूनच धागा फिरवा आणि मधूनमधून बोटं काढून घ्या. गुंडा मऊ राहतो. क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक गुंडा केलात तर लोकर ताणलेल्या अवस्थेतच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आखडते. रविवार पेठेत लोकर घेताना दुकानदार लडी गुंडाळून देतो म्हणाला, तर त्यालाही "सैल हं" असं सांगा. तो हसेल. हसू द्या.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळं जाणवतं. भास आहे का?

भास नाही. खरी लोकर हवेतली ओल शोषते, वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी, तेही हाताला ओली न लागता. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ती थोडी जड आणि संथ वाटते. दुकानात बहुतेक वेळा मिळते ती अ‍ॅक्रिलिक. ती ओल जवळजवळ घेत नाही, पण पावसाळ्यात बोटं चिकट होतात आणि धागा त्यांच्यावर अडतो. हाताला थोडी टाल्कम पावडर लावा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उलटं होतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि धागा हाताला, साडीला, हुकाला चिकटत राहतो. ओलसर कापडावरून हात पुसून बसा.

सुती धाग्यावर ताण वेगळा ठेवायचा का?

हो, आणखी सैल. लोकर थोडी ताणते आणि परत येते, म्हणून आपल्या चुका पोटात घालते. सूत तसं काही करत नाही. आवळलेला सुती फास आवळलेलाच राहतो आणि मनगट दुखायला लागतं. पहिली वस्तू सुती धाग्याची करू नका.

कमी-जास्त ताण धुतल्यावर सारखा होईल?

खऱ्या लोकरीत बऱ्यापैकी. ओली करून, सपाट पसरून, हाताने आकार देऊन वाळवली की टाके एकमेकांना सामावून घेतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये अगदी थोडा फरक पडतो. आणि कृपा करून अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ धरू नका. उष्णतेने धाग्यातला जीव जातो, वीण लुळी पडते आणि परत उभी राहत नाही.

विणून झाल्यावर मनगट आणि अंगठा दुखतो.

ताण जास्त आहे याची ही पहिली खूण, विणीकडे पाहायच्याही आधीची. लूम हवेत धरू नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर टेकवा. हुकाची मूठ बारीक असेल तर तिला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. बोटं बधिर होत असतील किंवा रात्री मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, विणकामाच्या ग्रुपवर विचारू नका.

मी डावखुरी आहे. ताणात फरक पडेल?

नाही. फक्त उलट्या दिशेने फिराल आणि पूर्ण वेढ्याचा पीळ दुसऱ्या बाजूला पडेल. एकदा धरलेली दिशा शेवटपर्यंत ठेवा.

एकच खुंटी सारखी अडते.

खुंटीच्या बोंडाला किंवा खाचेला प्लास्टिकची बारीक धार राहिलेली असते. बोट फिरवून पाहा, लागेल. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणा आणि तेवढीच जागा घासा.

अर्धवट विणलेलं लूम महिनाभर तसंच ठेवलं तर?

त्या ओळीचे फास ताणलेले राहतात आणि उतरवल्यावर आडवी रेघ दिसू शकते. रात्रभर ठेवायला हरकत नाही. गावाला जाणार असाल तर फास एका जाड धाग्यावर ओवून उतरवून ठेवा. आणि थांबायचं ते ओळ संपवून. मध्ये थांबलात की परत बसल्यावर हात वेगळा चालतो.

आधीच घट्ट झालंय. उसवू की तसंच पुढे जाऊ?

एक-दोन ओळी असतील तर लूमवरच मागे जा. शेवटच्या खुंटीवरच्या फासाखाली आधीच्या ओळीचा फास दिसतो. तो हुकाने धरून खुंटीवर चढवा आणि मग वरचा फास सोडून धागा ओढून घ्या. एकेक खुंटी करत उलट्या दिशेने जायचं. वेळ खाऊ आहे, पण टाका गळत नाही.

पंधरा-वीस ओळी घट्ट असतील तर सरळ उतरवा आणि पूर्ण उसवा. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते, तशीच विणली तर वीण ओबडधोबड होते. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता पाणी दाबून काढा आणि दांडीवर सावलीत टांगा. दुसऱ्या दिवशी लोकर बरीच सरळ झालेली असते. मग गुंडाळायला घ्या, दोन बोटं आत ठेवून.